जड मानेचं वाद्य

बेस गिटार विकत घ्यायला गेलेला जाणकार वादक दुकानात एक परीक्षा हमखास घेतो. पट्टा खांद्यावर टाकून उभा राहतो, वाद्य नेहमीच्या कोनात धरतो आणि दोन्ही हात अलगद सोडून देतो. नीट जमलेलं वाद्य होतं तिथंच राहतं. नाहीतर ट्यूनर बसवलेलं डावीकडचं टोक, म्हणजे हेडस्टॉक, सावकाश जमिनीकडे झुकायला लागतं आणि वादकाला मान पकडावी लागते. वादक याला 'नेक डाइव्ह' म्हणतात. दुकानात दोन मिनिटांत कळणारा हा दोष कार्यक्रमात दोन तास छळतो. डाव्या हाताचं काम तारा दाबायचं. त्याच हातावर वाद्य सावरायचंही काम पडलं की अंगठा आखडतो, मनगट वाकडं होतं, आणि मानेवरच्या पहिल्या पडद्यावरून, म्हणजे फ्रेटवरून, बाराव्या फ्रेटवर जाताना हात मोकळेपणानं सरकत नाही.

हा दोष बेस गिटारइतकाच जुना आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आज लांबूनही ओळखू येणारा या वाद्याचा आकार बऱ्याच अंशी या दोषाशी झगडतानाच घडला आहे. वरचं लांब शिंग, काही वाद्यांचं छाटलेलं डोकं, काही वाद्यांची कार्बन तंतूंची मान, ट्यूनरची बारीक झालेली पानं या सगळ्यांच्या मागे वजनाचा हिशेब सापडतो. बेसच्या इतिहासावर लिहिताना बहुतेक जण आवाजाबद्दल आणि गाजलेल्या वादकांबद्दल लिहितात. कारागिरांनी वजनाशी घातलेला वाद मात्र तितक्याच आस्थेनं सांगितला जात नाही.

बैलगाडी भरणाऱ्याला हे गणित समजावून सांगावं लागत नाही. माल पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर जू दाबतं, मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते. बेसमध्ये पुढचा माल कमी करणं अवघड, कारण तो वाद्याच्या स्वभावातच आहे. खर्जाचे स्वर हवेत तर तार लांब हवी. साध्या इलेक्ट्रिक गिटारवर तारेची कंप पावणारी लांबी साधारण साडेपंचवीस इंच असते, तर बेसवर ती बहुधा 34 इंच, म्हणजे 86 सेंटिमीटरच्या थोडी वर. तार लांब म्हणून मान लांब. तार जाड म्हणून तिला ताणणारे ट्यूनरही मोठे, आणि ते मानेच्या पार टोकाला. एकेक ट्यूनर 100 ग्रॅमच्या आसपास भरतो. चार ट्यूनर, त्यांच्याखालचं लाकूड आणि मानेच्या पोटातली पोलादी सळई हा सगळा भार बॉडीपासून हातभर लांब असतो.

दुसरी बाजू पट्ट्याची. वाद्य दोन बटणांवर टांगलेलं असतं. एक बॉडीच्या मागच्या टोकाला, दुसरं पुढे. वाद्याचा गुरुत्वमध्य या दोन बटणांच्या मधे पुरेसा आत असेल तर वाद्य स्थिर राहतं. पुढचं बटण जितकं मागे, बॉडीकडे येईल, तितका गुरुत्वमध्य त्याच्या जवळ सरकतो आणि मान खाली ओढू लागते. कारागिरांमध्ये यासाठी बाराव्या फ्रेटचा ठोकताळा आहे. तारेच्या लांबीचा बरोबर मध्य म्हणजे बारावा फ्रेट. पुढचं बटण तिथपर्यंत पोहोचलं तर वाद्य बहुधा तोलात राहतं. बटण सोळाव्या-सतराव्या फ्रेटच्या रेषेत असेल तर बॉडीत वजन भरपूर असल्याशिवाय निभाव लागत नाही.

इलेक्ट्रिक बेस येण्याआधी हा प्रश्नच नव्हता. डबल बेस हे माणसापेक्षा उंच वाद्य, पण ते खालच्या सळईवर जमिनीवर टेकलेलं. त्याचा भार जमीन घेते, वादक फक्त तोल राखतो. त्याची अडचण वेगळी होती. ब्रास आणि ड्रमच्या गोंगाटात त्याचा आवाज बुडायचा, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला नेताना मोटारीत वादकांऐवजी तेच बसायचं. सिएटलमधला पॉल टुटमार्क हा हवाइयन गिटार वाजवणारा, शिकवणारा आणि गाणारा कलावंत. त्याला डबल बेसवाल्यांची ही ओढाताण दिसत होती. 1936-37च्या सुमारास त्यानं आपल्या ऑडिओव्हॉक्स कंपनीतून '736' नावाचा बेस काढला. काळ्या अक्रोडाची भरीव बॉडी, फ्रेट बसवलेली मान, विजेचा पिकअप, तारेची लांबी तीस इंचांच्या किंचित वर, किंमत 65 डॉलर. आडवं धरून वाजवायच्या विजेच्या बेसची सगळी लक्षणं त्यात होती. पण तो फार थोडा विकला गेला आणि पुढची पंधरा वर्षं ही कल्पना तशीच पडून राहिली.

ती उचलली ती कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसानं. लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याच्या दुकानात येणारे वादक मात्र त्याला रोज काही ना काही सांगायचे. नाचगाण्याचे ताफे लहान होत चालले होते आणि गिटारवाल्यांवर बेस वाजवायची पाळी येत होती. डबल बेसला फ्रेट नसतात, त्यामुळे सूर नेमका लागायला वर्षांची मेहनत लागते. गिटारवाल्याला ते कुठून जमणार? फेंडरनं फ्रेट असलेला भरीव बेस करायचं ठरवलं आणि सूर नेमका लागतो म्हणून त्याचं नावच 'प्रिसिजन' ठेवलं. तारेची लांबी किती ठेवायची यावर त्यानं बरंच डोकं खपवलं. आखूड लांबीत त्याला हवा तसा खर्ज मिळेना, त्याहून जास्त लांबीत हात पुरेना. शेवटी 34 इंच ठरले, आणि तोच आकडा आज जगभर प्रमाण मानला जातो.

पण 34 इंचांची मान आणि डबल बेसच्या मापाचे क्लुसन कंपनीचे ट्यूनर एकत्र आले की वजन कुठे जाणार हे उघड होतं. फेंडरची नुकतीच बाजारात आलेली गिटार टेलिकास्टर. तिच्या बॉडीला एकाच बाजूला काप होता. वरची बाजू गोल खांद्यासारखी मानेला येऊन मिळायची. असल्या बॉडीवर बेसची मान लावली तर पट्ट्याचं बटण मानेच्या मुळाशीच राहिलं असतं. फेंडर आणि त्याचा सहकारी जॉर्ज फुलर्टन यांनी दोन्ही बाजूंना काप दिला, आणि वरचं शिंग मानेला समांतर पुढे इतकं काढलं की त्याचं टोक, म्हणजे पट्ट्याचं बटण, बाराव्या फ्रेटच्या आसपास पोहोचलं. 1951च्या अखेरीस हा बेस 199.50 डॉलरला विकायला आला तेव्हा तो आकार लोकांना विचित्र वाटला. व्हायोलिनच्या, चेलोच्या घराण्यात असं शिंग कुणी पाहिलं नव्हतं. आज ते शिंग सजावट म्हणून पाहिलं जातं. मुळात ती तोलासाठी काढलेली भुजा आहे.

या शिंगानं बेसचं भलं केलंच, शिवाय गिटारचंही रूप बदललं. 1954 साली आलेल्या फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारनं ते जसंच्या तसं उचललं. छोट्या गिटारला तोलाची अडचण फारशी नव्हती, पण दोन शिंगांचा आकार लोकांच्या मनात बसला. इलेक्ट्रिक गिटार म्हटल्यावर जगभरातल्या पोराटोरांच्या डोळ्यांसमोर जी बाह्याकृती येते, तिचं मूळ बेसच्या जड मानेत आहे. फेंडरच्या कामातला हा सगळ्यात मोलाचा भाग म्हणायला हवा. पिकअप, ब्रिज, वायरिंग यांत पुढे किती सुधारणा झाल्या. शिंगाच्या लांबीत मात्र सत्तर वर्षांत फारसं कुणाला काही सुधारावंसं वाटलेलं नाही.

वाद्य चाललं ते वादकांमुळे. जाझवादक लायनेल हॅम्प्टनच्या ताफ्यात 1952 साली रॉय जॉन्सन इलेक्ट्रिक बेस वाजवू लागला. त्याच्या जागी आलेला मंक मॉन्टगोमेरी हा गिटारवादक वेस मॉन्टगोमेरीचा थोरला भाऊ. तो मूळचा डबल बेसवाला, पण त्यानं हे नवं वाद्य जाझच्या रंगमंचावर प्रतिष्ठेला नेलं. काही वर्षांतच अमेरिकेत 'फेंडर बेस' हे कंपनीचं नाव न राहता वाद्याचंच नाव झालं.

उभ्यानं वाजवताना शिंग कामाला येतं. बसून वाजवणाऱ्याचा हिशेब निराळा. तिथं पट्टा सैल असतो आणि वाद्य मांडीवर टेकतं ते बॉडीच्या खालच्या खोलगट भागात. ती खोलगट जागा गुरुत्वमध्याच्या मागे असेल तर मान पुन्हा खाली जाते. 1960 साली आलेल्या फेंडरच्या जाझ बेसची कंबर तिरकी आहे. वरचा आणि खालचा खोलगट भाग समोरासमोर न ठेवता पुढेमागे सरकवले आहेत. बसलेल्या वादकाच्या अंगाला ते वाद्य नीट लागतं. अँथनी जॅक्सन हा न्यूयॉर्कचा थोर बेसवादक तर बसूनच वाजवायचा. 1975च्या सुमारास कार्ल थॉम्सन या कारागिराकडून सहा तारांचा पहिला बेस करून घेतला तो यानंच. सहा तारा म्हणजे सहा ट्यूनर, रुंद मान आणि डोक्याकडे आणखी भार. त्याच्या मागणीमुळे पुढच्या कारागिरांना तोलाचा विचार पुन्हा मुळापासून करावा लागला.

मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतातही बेस बसूनच वाजला. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये राहुल देव बर्मन यांची गाणी ध्वनिमुद्रित व्हायची तेव्हा टोनी वाझ बेस गिटार वाजवायचे. समोर नोटेशनचा स्टँड, कानांवर हेडफोन आणि एकामागून एक टेक. गोव्याहून आलेल्या कितीतरी वादकांनी मुंबईच्या स्टुडिओंत पाश्चात्त्य वाद्यांचा कणा सांभाळला. त्यांच्या कामाच्या पद्धतीत मांडीवर नीट बसणारं वाद्य ही रोजची गरज होती. तासन् तास चालणाऱ्या मुद्रणात डावा हात मान सावरण्यात गुंतलेला परवडत नाही.

आपल्याकडच्या तंतुवाद्यांनी हाच प्रश्न फार पूर्वी वेगळ्या वाटेनं सोडवला होता. सतारीची दांडी लांब, त्यावर पितळी पडदे आणि एवढ्या खुंट्या. तरी वादकाचा डावा हात मींड ओढायला पूर्ण मोकळा असतो. कारण सतारीचा भार उजवा हात घेतो. कोपराच्या पुढचा भाग भोपळ्यावर टेकवून वादक वाद्य अंगाशी धरतो आणि दांडी आपोआप वर उचललेली राहते. रुद्रवीणेत तर वरचा भोपळा डाव्या खांद्यावर ठेवून दांडीच्या टोकाचा भार थेट शरीरावर घेतला जातो. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांच्या दुकानात सतार हातात देताना ती मांडीवर कशी बसते हे आधी पाहतात, आवाज नंतर. जमिनीवर बसून वाजवायच्या वाद्याला हे साधलं. उभं राहून, चालत, नाचत वाजवायच्या वाद्याला खांद्यावरच्या पट्ट्याशिवाय आधार नव्हता, आणि म्हणून अमेरिकन कारागिरांना आकारातच उत्तर शोधावं लागलं.

सगळ्यांनी ते शोधलं असं नाही. गिब्सन ही मिशिगनमधल्या कॅलामझूची जुनी, मातब्बर कंपनी. फेंडरला उत्तर म्हणून तिनं 1953 साली व्हायोलिनच्या आकाराचा बेस काढला. तारेची लांबी साडेतीस इंच. सोबत खाली ओढून काढता येणारी एक सळई, म्हणजे हवं तर डबल बेससारखा उभा धरून वाजवा! नव्या वाद्यावर विश्वास ठेवायला कंपनी अजून कचरत होती हे त्या सळईतून दिसतं. 1961मध्ये गिब्सनच्या बेसला एसजी गिटारची बॉडी मिळाली. ती पातळ, महोगनीची, हलकी आणि दोन छोट्या टोकदार शिंगांची. दिसायला देखणी, पण मान बॉडीच्या फार बाहेर आणि पट्ट्याचं बटण मानेच्या मुळाशी, पाठीवर. क्रीम बँडच्या जॅक ब्रूसनं असाच ईबी-3 वाजवला आणि त्या वाद्याला अमर केलं. मान आखूड असल्यानं ती फार ओढत नसे, तरी बॉडी हलकी असल्यानं तोल डोक्याकडेच झुकलेला असे.

गिब्सनची खरी कसोटी लागली ती 1963 साली. फेंडरची वळणदार, रंगीत वाद्यं बाजार खात होती आणि गिब्सनचा अध्यक्ष टेड मॅकार्टी याला काहीतरी धाडसी हवं होतं. त्यानं मदत मागितली ती रे डीट्रिच याच्याकडे. डीट्रिच हा मोटारींचा आकार घडवणारा माणूस. 1920 साली न्यूयॉर्कमध्ये लबॅरन ही मोटारींच्या बॉडी बनवणारी संस्था काढणाऱ्यांपैकी तो एक. पुढे पॅकार्ड, लिंकन अशा श्रीमंती गाड्यांवर त्याचा हात फिरला. त्यानं गिब्सनसाठी फायरबर्ड ही गिटार आणि तिचा भाऊ शोभेल असा थंडरबर्ड बेस आखला. मान हेडस्टॉकपासून बॉडीच्या शेवटापर्यंत एकसंध, आणि तिच्या दोन्ही अंगांना चिकटवलेले पंख. गिब्सनचा हा पहिलाच 34 इंची बेस.

थंडरबर्डकडे पाहिलं की वेगानं निघालेल्या गाडीचा भास होतो. डीट्रिचनं नेहमीचा आकार उलटा केला. खालचं शिंग पुढे काढलं आणि वरचा भाग मागे ओढला. मडगार्डची रेषा काढणाऱ्या डोळ्याला ते फार सुंदर दिसतं. पण पट्टा असतो वरच्या बाजूला. जिथं शिंग हवं होतं तिथूनच त्यानं लाकूड काढून घेतलं. पट्ट्याचं बटण मागे, मानेच्या मुळाजवळ राहिलं, मान फेंडरइतकीच लांब, डोकं मोठं. हात सोडला की थंडरबर्ड झुकतोच. फेंडरनं जे लाकूड वाढवून साधलं होतं, ते डीट्रिचनं काढून घालवलं, आणि तरीही हा बेस आजवरच्या सगळ्यात देखण्या बेसपैकी एक आहे हे मान्य करायलाच हवं. 1965 साली गिब्सननं आकार पुन्हा फिरवून वरचं शिंग लांब केलं. त्या आवृत्तीला मात्र पहिलीची झळाळी कधी आली नाही, आणि 1969मध्ये ती बंद झाली. 1976 साली कंपनीनं थंडरबर्ड पुन्हा आणला तो जुन्या, उलट्या आकारातच.

लोक तो घेतच राहिले. 'द हू'चा जॉन एन्टविसल याला थंडरबर्डची बॉडी आणि आवाज हवा होता, पण मान फेंडरची आवडायची. त्यानं दोन्ही जोडून 'फेंडरबर्ड' करवून घेतले. पुढे मॉटली क्रूच्या निकी सिक्सनं थंडरबर्ड कमरेखाली लोंबवून वाजवला आणि रॉकच्या पोरांमध्ये त्याची नवी लाट आली. मान जड असूनही वाद्य का आवडतं, याचं उत्तर ज्यांनी त्याचा जाड, गुरगुरणारा खर्ज मोठ्या स्पीकरवर छातीवर झेलला आहे त्यांना विचारावं.

सत्तरच्या दशकात वजनाची दिशाच उलटी झाली. स्वर जास्त वेळ टिकावा म्हणून कारागीर पितळी ब्रिज, पितळी नट, थरावर थर चिकटवलेलं जड लाकूड वापरू लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातली अलेम्बिक ही कंपनी यात आघाडीवर होती. तिचे बेस आवाजाला अप्रतिम आणि खांद्याला भारी. 1974 साली ग्रेटफुल डेड या रॉक बँडच्या मैफलीत जेफ गूल्ड नावाचा एक तरुण बँडचा बेसवादक फिल लेश याचं इलेक्ट्रॉनिक यंत्रणेनं लगडलेलं वाद्य पाहत होता. गूल्ड स्वतः बेस वाजवायचा आणि नोकरीला फोर्डच्या अवकाश विभागात होता. उपग्रहांसाठी कार्बन तंतूंचे हलके, ताठ भाग बनताना तो रोज पाहत होता. याच साहित्याची मान का करू नये, असा प्रश्न त्याला पडला. अलेम्बिकच्या मदतीनं त्यानं ती केली. कार्बन तंतूंची मान लावलेला पहिला बेस फ्लीटवुड मॅकच्या जॉन मॅक्वीनं घेतला, आणि गूल्डनं पुढे मॉड्युलस ग्राफाइट ही कंपनी काढली. ही मान दमट हवेत वाकत नाही हा तिचा मोठा गुण. समुद्राकाठच्या गावांतून लाकडी मानेची पावसाळ्यात काय गत होते, हे पणजी-मुंबईच्या वादकांना चांगलं ठाऊक आहे.

पण जड मानेच्या मुळावर घाव घातला तो नेड स्टाइनबर्गरनं, आणि तो ना वादक होता ना वाद्यं बनवणारा. शिल्पकला शिकून तो फर्निचर आखायचा. ब्रुकलिनमध्ये सुतारांची एक सहकारी कार्यशाळा होती. तिथं त्याच्या शेजारी स्टुअर्ट स्पेक्टर बेस बनवायचा. स्पेक्टरनं त्याला एक बेस आखून दे म्हटलं. स्टाइनबर्गरनं खुर्चीच्या पाठीचा विचार करावा तसा माणसाच्या पोटाचा, बरगड्यांचा विचार केला आणि बॉडी मागून आत वळवली. 1977चा तो एनएस बेस आजही बनतो. त्या कामात त्याला मानेचं वजन खटकलं. खुर्ची एका बाजूला कलते तेव्हा सुतार तिला आधार जोडत बसत नाही, वजन कुठून आलं ते पाहतो. स्टाइनबर्गरनं विचारलं, ट्यूनर टोकालाच का हवेत? तार कुठल्याही टोकाकडून ताणली तरी ती ताणलेलीच राहते. त्यानं ट्यूनर उचलून बॉडीच्या मागच्या टोकाला नेले आणि हेडस्टॉक कापूनच टाकला.

एका हालचालीत दोन गोष्टी झाल्या. पुढचं वजन गेलं आणि तेच वजन मागे आलं. लाकडाच्या नमुन्यात त्याला आवाज समाधानकारक वाटेना, म्हणून त्यानं काचतंतू आणि कार्बन तंतू राळेत ओतून मान आणि बॉडी दोन्ही बनवली. बॉडी इतकी छोटी की वाद्य वल्ह्यासारखं दिसायचं. तिला शिंग नाही; मग पट्टा लावायचा कुठे? पाठीवर त्यानं फिरती कडी बसवली. वादक मान कोणत्याही कोनात ठेवो, ती तिथंच राहते. दोन्ही टोकांना गोळी असलेल्या खास तारा आणि 40:1 प्रमाणात फिरणारे, मुठीनं नव्हे तर बोटानं हळूच पिळायचे ट्यूनर ही त्याचीच देणगी. एल-2 नावाचा हा बेस ऐंशीच्या सुरुवातीला बाजारात आला, आणि 1981 साली अमेरिकेतल्या औद्योगिक रचनाकारांच्या संघटनेनं त्याला पुरस्कार दिला. किंग क्रिम्सनमध्ये टोनी लेव्हिननं तो वाजवला. रशच्या गेडी लीनं 1984च्या दौऱ्यात तो गळ्यात अडकवला. 1987च्या सुमारास कंपनी गिब्सनच्या हाती गेली. ज्या घराण्यातून थंडरबर्डसारखी सगळ्यात जड मान आली, त्याच घराण्याकडे मान हलकी करणारी कंपनी गेली.

बिनडोक्याचा बेस सगळ्यांना रुचला नाही. लाकडाचा लोभ सुटत नाही. मेपलची मान आणि तिच्यावर शिसवीची पट्टी, हीच जोडी बहुतेकांना हवी असते.   

म्हणून बाकीच्यांचा इलाज दुरुस्तीच्या टेबलावर होतो. जड मानेचा बेस समोर आला की मुरलेला कारागीर लगेच ड्रिल उचलत नाही. मागच्या बटणाला छोटी पिशवी बांधून तो तीत शिशाचे तुकडे किंवा नाणी एकेक करून टाकतो. मान तोलात आली की पिशवी काट्यावर ठेवतो. समजा 250 ग्रॅम भरले. एवढं शिसं बॉडीत कोंबलं तर वाद्य तोलात येईल, पण एकूण वजन वाढेल आणि खांदा बोलू लागेल. उलट बाजूनं पाहिलं तर ट्यूनर तोलबिंदूपासून साधारण 65 सेंटिमीटरवर आणि मागचं बटण 42 सेंटिमीटरवर. म्हणजे डोक्याकडचा एक ग्रॅम मागच्या दीड ग्रॅमला भारी. चार जुने ट्यूनर काढून प्रत्येकी 40 ग्रॅमनं हलके बसवले तर 160 ग्रॅम कमी झाले, आणि त्यांचा परिणाम मागे 250 ग्रॅम लावल्यासारखा. अमेरिकेतल्या हिपशॉटनं आणि जपानच्या गोटोनं असे हलक्या धातूचे ट्यूनर बाजारात आणले, ते याच हिशेबावर. कारागीर जुन्या भोकाचा व्यास मोजतो, स्क्रूची जुनी भोकं कठीण लाकडाच्या काड्या आणि सरस घालून बुजवतो आणि नवे ट्यूनर सरळ रेषेत बसवतो. एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. डोक्याचं वजन बदललं की मानेची कंपनंही बदलतात. फेंडर बेसवर वरच्या तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास स्वर लवकर मरतो, हे जुनं दुखणं. ट्यूनर बदलल्यावर ती मेलेली जागा एखादा फ्रेट इकडेतिकडे सरकते. कधी ते फायद्याचं ठरतं, कधी नाही.

रुंद, खरखरीत चामड्याचा पट्टा हा सगळ्यात स्वस्त उपाय आणि बऱ्याच जणांना तोच पुरतो. त्यात तोल बदलत नाही; शर्टावर पट्टा घट्ट धरून राहतो एवढंच. सुती सदऱ्यावर तो धरतो, घामानं भिजलेल्या गुळगुळीत कपड्यावर सरकतो.

थंडरबर्डवाल्याचा पहिला उपाय वेगळा. पट्ट्याचं बटण मानेच्या मुळावरून काढून वरच्या पंखाच्या पुढच्या टोकाला न्यायचं. महोगनीत स्क्रूपेक्षा बारीक भोक आधी पाडायचं, स्क्रूच्या आट्यांना मेण लावायचं, आणि तो हातानं पिळत आत घालायचा. घाई केली तर लाकूड चिरतं. चार-पाच सेंटिमीटरच्या या सरकण्यानं मान पूर्ण सावरत नाही, पण डाव्या हातावरचा निम्मा भार उतरतो. नव्या थंडरबर्डला हे बेलाशक करता येतं. 1963 ते 65 मधल्या मूळ वाद्याला एक भोक पाडलं तरी संग्राहकांच्या बाजारात त्याची किंमत घसरते. त्यामुळे त्यांचे मालक जुन्याच भोकात बसणारी, पुढे आलेली धातूची पट्टी लावून घेतात. स्क्रू तोच, भोक तेच, बटण फक्त पुढे. वाद्य विकायची वेळ आली की पट्टी काढून ठेवतात आणि डीट्रिचनं आखलं तसं ते पुन्हा समोर येतं.